बाळाचा पाळणा, कॉट आणि त्यातल्या वस्तू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत ज्यांच्या घरी नुकतंच बाळ आलं आहे किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. ती एक वर्षाच्या आतल्या, पूर्ण दिवसांच्या आणि निरोगी बाळांना लागू आहेत. बाळ कमी दिवसांचं असेल किंवा काही आजार असेल, तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांचा शब्द अखेरचा.

पाळण्यात किंवा कॉटमध्ये नेमकं काय असायला हवं?

घट्ट आणि सपाट गादी, तिच्यावर ताणून खोचलेली एक चादर, आणि बाळ. बाकी काही नको. दुकानदार दाखवतो त्या सेटमधल्या बहुतेक वस्तू बाळाच्या गरजेपेक्षा फोटोत छान दिसण्यासाठी असतात.

बंपर, म्हणजे कॉटच्या गजांना आतून बांधायची जाड कापडी पट्टी, लावला नाही तर बाळाचं डोकं गजांवर आपटेल ना?

आपटेल, पण इजा होईल इतक्या जोराने नाही. चार-पाच महिन्यांचं बाळ कूस बदलताना कठड्याला टेकतं, थोडं रडतं, सरकतं. स्वतःच्या डोक्याला गंभीर मार बसेल एवढा वेग त्याच्या हालचालीत नसतो. हात किंवा पाय गजांतून बाहेर गेला तर लाल वळ उठतो, तोही उतरतो.

खरा धोका बंपरचाच आहे. बाळाचं तोंड जाड कापडाला किंवा फोमला टेकलं की सोडलेली हवाच परत आत घेतली जाते, कार्बन डायऑक्साइड वाढतो, ऑक्सिजन कमी होतो. मोठं मूल झोपेतही मान वळवतं. लहान बाळाच्या मानेत तेवढी ताकद नसते, आणि पहिल्या काही महिन्यांत जागं होण्याची प्रतिक्रियाही कच्ची असते. त्याशिवाय बंपर आणि गादी यांच्या फटीत तोंड अडकणं, बांधायच्या नाड्या गळ्याभोवती येणं हेही प्रकार घडतात. अमेरिकेत 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 1985 ते 2005 या काळातले बंपरशी संबंधित 27 बाळांचे मृत्यू नोंदवले गेले. 2022 मध्ये तिथे फोमच्या बंपरच्या विक्रीवर कायद्याने बंदी आली. आपल्याकडे मात्र तो ऑनलाइन आणि दुकानांत सर्रास मिळतो. मिळतो म्हणून सुरक्षित, असा अर्थ काढू नका.

गजांतलं अंतर जास्त आहे म्हणून बंपर हवा असं वाटत असेल, तर ती कॉटच वापरू नका. दोन गजांमध्ये 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा नको. पुठ्ठ्याचा 6 सेंटिमीटर रुंदीचा तुकडा कापून प्रत्येक फटीत घालून बघा. तो आरामात आत जाऊन वर जागा उरली, तर बाळाचं धड त्यातून सरकून डोकं अडकू शकतं.

मग जाळीचा बंपर तरी चालेल का?

हवा खेळती राहते म्हणून तो फोमपेक्षा बरा, आणि अमेरिकेच्या बंदीतूनही तो वगळलेला आहे. पण नाड्या त्यालाही असतात, सैल पडला की फटही पडते, आणि उभं राहायला शिकलेलं मूल त्यावर पाय देऊन चढतं. त्याने सुटणारी अडचण म्हणजे गजांतून बाहेर जाणारा हात, आणि तेवढ्यासाठी तो घ्यावा असं आम्हाला वाटत नाही.

भेट मिळालेल्या बेडिंग सेटचं काय करायचं?

बारशाला हा सेट हमखास येतो: घडीची गादी, वर चेनची जाळी, एक छोटी उशी आणि दोन्ही बाजूंना दोन लोड. उशी आणि लोड काढून ठेवा. हे लोड बाळ पडू नये म्हणून असतात असं सांगितलं जातं, पण बाळ त्यांच्या बाजूला तोंड करून सरकलं की बंपरसारखीच स्थिती होते.

गादी तपासा. मधोमध आणि कडेला तळहाताने जोरात दाबून हात उचला. खड्डा तसाच राहिला, तर ती झोपेसाठी नको. अशा सेटमधल्या बहुतेक गाद्या मऊ फोमच्या असतात आणि घडीच्या रेषेवर खोलगट होतात. त्या जमिनीवर जागं बाळ खेळवायला वापरा, कोणीतरी शेजारी बसलेलं असताना. रात्रीसाठी काथ्याची पातळ गादी चांगली. कापसाची घ्यायची तर नुकती पिंजून, घट्ट भरून घेतलेली हवी, कारण वापरात कापूस गोळा होतो आणि मधे खळगा पडतो. गादी कॉटच्या मापाचीच हवी. कडेला दोन बोटांपेक्षा जास्त फट राहिली तर ती गादी त्या कॉटची नाही. फट भरायला दुपटं कोंबणं हा उपाय नव्हे.

खाली मेणकापड लागतंच. ते गादीला चारही बाजूंनी गुंडाळून त्यावर चादर घट्ट खोचा. वर सुटा टाकलेला प्लास्टिकचा तुकडा बाळाच्या तोंडावर चिकटू शकतो.

राईच्या उशीने डोकं गोल होतं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. त्यात काय चूक?

राईची उशी आजी स्वतः शिवते, राई निवडून भरते, त्यामागे माया असते. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर.

नवजात बाळाच्या कवटीची हाडं जुळलेली नसतात, त्यामुळे एकाच बाजूला सतत झोपल्यास ती बाजू चपटी होते. उशीमुळे हा दाब नाहीसा होत नाही. बहुतेक बाळांचा चपटेपणा मान धरू लागल्यावर आणि बसू लागल्यावर आपोआप कमी होतो, म्हणून श्रेय उशीला जातं. धोका मात्र खरा आहे. बाळाचं डोकं मोठं आणि मान आखूड असते. उशीवर डोकं उचललं गेलं की हनुवटी छातीकडे झुकते आणि श्वासनलिका दबते. शिवण उसवली तर राईचे दाणे तोंडात, नाकात जातात. डोक्याला आकार देणाऱ्या उशांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही 2022 मध्ये पालकांना सावध केलं आहे.

डोक्याचा आकार चांगला राहावा म्हणून हे करा. बाळाला उताणं झोपवताना एक दिवस डोकं कॉटच्या या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला ठेवा. बाळ खोलीतल्या उजेडाकडे किंवा दाराकडे बघतं, त्यामुळे मान आपोआप दोन्हीकडे वळते. जागं असताना दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी तीन ते पाच मिनिटं पोटावर ठेवा, समोर बसा, बोला. मालिशनंतर पोटभर दूध पाजण्याआधीची वेळ यासाठी उत्तम. बाळ सतत एकाच बाजूला मान वळवत असेल आणि दुसऱ्या बाजूला वळवायला रडत असेल, तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. दोन महिन्यांच्या आत डॉक्टरांना दाखवलं तर साध्या व्यायामाने तो सुटतो.

राईची उशी फेकायची गरज नाही. बाळ कुशीत असताना तुमच्या कोपराखाली घ्या.

उताणं झोपवलं आणि दूध वर आलं तर ते श्वासात जाणार नाही का?

ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. शरीराची रचना पाहिली की ती कमी होते. बाळ उताणं असताना श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला त्याला वर चढावं लागेल. पालथं असताना हे उलटं होतं. निरोगी बाळ गिळतं किंवा खोकतं. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने 1992 मध्ये पालथं न झोपवण्याचा सल्ला दिला, 1994 मध्ये तिथे मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काळात झोपेत अचानक होणारे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. घशात दूध अडकण्याचं प्रमाण त्यामुळे वाढलं नाही.

ओकारी जास्त होत असेल तर पाजल्यावर 15 ते 20 मिनिटं उभं धरा, ढेकर काढा, मग झोपवा. डोकं उंच करायला गादीखाली पाचर किंवा दुमडलेली गोधडी घालू नका. उतारावर बाळ खाली सरकतं आणि अंगाची घडी होते. 10 अंशांपेक्षा जास्त तिरकी झोपण्याची साधनं अमेरिकेत याच कारणासाठी बंद झाली. 2019 मध्ये एका मोठ्या कंपनीला असे सुमारे 47 लाख झोपाळे परत बोलवावे लागले होते.

झोळीत बाळ शांत झोपतं. झोळी बांधू नये का?

झोळीत कापड बाळाच्या वजनाने खाली जातं, पाठ वाकते आणि हनुवटी छातीवर येते. दुपारी तुम्ही शेजारी बसून झोका देत असाल तर पंधरा-वीस मिनिटांची झोप एक गोष्ट. तीन तासांची किंवा रात्रीची झोप झोळीत नको. झोप लागली की उचलून सपाट गादीवर ठेवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर झोळीत एकटं सोडूच नका. साडी जुनी आणि विरलेली असते, म्हणून प्रत्येक वेळी दोन्ही हातांनी ओढून बघा.

पाळणा छताला टांगताना काय बघायचं?

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात जास्त चूक होते ती इथे.

फॉल्स सीलिंगला पाळणा टांगता येत नाही, अजिबात नाही. पीओपीच्या पत्र्याला हूक लावून वरून प्लास्टर केलं की तो भक्कम दिसतो आणि झोक्याच्या धक्क्याने महिन्या-दोन महिन्यांत उपटतो. हूक वरच्या काँक्रीटच्या स्लॅबमध्ये हवा. जुन्या इमारतींत बांधतानाच सोडलेली लोखंडी कडी असते. ती पावसाळ्यात गळतीने गंजलेली आहे का, ते बघा: पापुद्रे सुटत असतील तर तिच्यावर विसंबू नका. नवीन हूक असेल तर अँकर फास्टनरचा, ड्रिलने केलेल्या भोकात घट्ट बसलेला हवा. मिस्त्रीला सांगून आधी स्लॅबमधून विजेचा पाइप जातो का ते पाहून घ्या. बसवल्यावर पाळण्यात 20 ते 25 किलो तांदूळ किंवा पाण्याच्या बाटल्या ठेवून एक दिवस टांगून ठेवा, झोके द्या, मग हूक हलतो का ते पाहा. साखळीची प्रत्येक कडी जोडलेली असावी, उघडी वाकवलेली नको.

स्प्रिंगच्या पाळण्यात स्प्रिंग तुटली तरी पाळणा खाली येऊ नये म्हणून समांतर जाड दोर किंवा साखळी हवी. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बोट चेमटू नये म्हणून कापडी आवरणही हवं. मोटारवाला पाळणा बाळ झोपल्यावर बंद करा.

पायांच्या स्टँडवरच्या लाकडी किंवा स्टीलच्या पाळण्याला झोका थांबवणारी पिन असते. बाळ झोपल्यावर ती लावा. स्थिर उभा असताना पाळणा एका बाजूला कलत असेल तर बाळ त्या कोपऱ्यात घरंगळतं, तेव्हा कड्यांची लांबी आधी सारखी करा. बाळ हाता-गुडघ्यांवर उठू लागलं की, साधारण पाचव्या महिन्यापासून, पाळण्याची रजा.

मच्छरदाणी लावायचीच आहे. कशी लावायची?

लावायलाच हवी. कळव्यापासून ऐरोली, वाशीपर्यंत खाडीकाठ आहे, बांधकामं चालू आहेत, आणि डेंगीचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी हवी. विसाव्या मजल्यावर डास येत नाहीत हा समज चुकीचा: लिफ्टमधून आणि कुंड्यांतल्या पाण्यातून ते येतात. फ्रिजच्या मागची ताटली, एसीच्या पाण्याची बादली आणि कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा पूर्ण रिकाम्या करून घासा. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा.

जाळी बाहेरून, कॉटपासून दूर ताणलेली असावी आणि बाळाच्या अंगाला कुठेही टेकू नये. खाली लोंबणारी जाळी बाळ ओढतं, तोंडावर घेतं किंवा तिच्यात गुरफटतं. कॉटच्या चारही खांबांना ताणून, खालची कड गादीखाली खोचून बांधा. नाड्या बाहेरच्या बाजूला आणि आखूड. वरून एकाच हुकाला टांगलेली गोल जाळी वापरायची तर हूक बाळाच्या हाताच्या कक्षेबाहेर हवा आणि कड गादीखाली पक्की.

छत्रीची मच्छरदाणी जमिनीवर, पालथ्या न होणाऱ्या बाळासाठी ठीक आहे. एकदा बाळ वळू लागलं की ते जाळीच्या कडेपर्यंत जातं, तारा हलक्या असल्याने छत्री उलटते किंवा जाळी तोंडावर येते. त्या दिवसापासून ती बंद. तारेची टोकं प्लास्टिकच्या टोपीतून बाहेर आली आहेत का, ते दर आठवड्याला बोटाने चाचपून बघा.

अगरबत्ती आणि कॉइलचा धूर बाळाच्या खोलीत नको. शेक-शेगडीचा धूरही नको. खिडक्यांना जाळी बसवून घ्या, तोच सगळ्यात चांगला खर्च.

एसी लावायचा की पंखा? कुंची घालायची का?

दोन्ही चालतं. एसी 24 ते 26 अंशांवर ठेवा, झोत थेट बाळावर नको. बाळाला मोठ्या माणसापेक्षा फार तर एक थर जास्त. एप्रिल-मेच्या उकाड्यात नुसतं सुती झबलं पुरतं. हात-पाय गार लागले तरी घाबरू नका. मानेमागे हात लावून बघा: घाम असेल तर कपडे जास्त झाले.

कुंची आणि टोपडं बाहेर नेताना घाला, झोपेत काढा. बाळ डोक्यातून उष्णता सोडतं, आणि सैल टोपडं घसरून नाकावर येतं. पांघरुणाऐवजी बिनबाह्यांची झोपेची पिशवी उत्तम. आत वजन भरलेली पिशवी घेऊ नका. दुपट्यात गुंडाळत असाल तर हात बांधा पण कमरेपासून खाली सैल ठेवा, म्हणजे खुब्याचा सांधा मोकळा राहतो. वळण्याची पहिली खूण दिसली, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, की गुंडाळणं थांबवा.

काळा दोरा, वाळे, वेखंडाची माळ पाळण्यात चालेल का?

गळ्यात काहीही नको. दोरा अडकला तर बाळ स्वतः तो सोडवू शकत नाही. मणी आणि वेखंडाचा तुकडा सुटून तोंडात जातो. घरातल्या मोठ्यांना हे पटवताना श्रद्धेवर वाद घालू नका, जागा बदलून द्या: माळ दाराच्या चौकटीला, देवघरात किंवा पाळण्याच्या पायाला बाहेरून बांधा. मनगट्या आणि वाळे झोपेच्या वेळी काढा, घुंगरू सैल झालंय का ते बघा.

पाळण्यावर टांगलेले राघू-मैना, फिरतं झुंबर?

सुंदर दिसतं, बाळ बघत राहतं. हाताला लागणार नाही इतकं उंच टांगा आणि बाळ हाता-गुडघ्यांवर उठू लागलं की काढा. दोरे आखूड, पक्के. संगीतवाल्या झुंबराचं बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत असेल तरच घ्या: बटणासारखी बॅटरी गिळल्यास दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. 1 जानेवारी 2021 पासून देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघूनच घ्या.

माळ्यावरचा जुना किंवा सोसायटीच्या ग्रुपवर मिळालेला पाळणा वापरावा का?

वापरता येतो, पण आधी पूर्ण उघडून तपासा. एक बाजू वर-खाली सरकणारी जुनी कॉट नको. तिचा खटका झिजतो आणि कठडा खाली सरकून फट पडते. अशा कॉटची विक्री अमेरिकेत 2011 पासून बंद आहे. सगळे नट-बोल्ट ॲलन कीने आवळा, एकही हरवलेला असेल तर तारेने भागवू नका. गादी खालच्या टप्प्यावर असताना तळापासून कठड्याच्या वरच्या टोकापर्यंत 66 सेंटिमीटर हवेत. मूल 90 सेंटिमीटरच्या आसपास उंच झालं की कॉटचा काळ संपला.

रंगाचं बघा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाखांत 90 भाग) आत ठेवण्याचा नियम देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा रंगवलेला पाळणा असेल आणि रंग सुटत असेल तर कोरडा घासू नका, शिशाची पूड घरभर होते. तो पाळणा न वापरणं चांगलं.

माळ्यावरच्या ट्रंकेतून काढलेल्या दुपट्यांना डांबर गोळीचा वास असतो. जी6पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तपेशी त्याने फुटतात आणि कावीळ होते. गोळ्या काढून टाका, कपडे दोन वेळा धुऊन कडक उन्हात वाळवा, वास पूर्ण गेल्याशिवाय घालू नका. कापूरही बाळाच्या आसपास नको. सर्दीसाठी छातीला कापूर चोळणं तर नकोच.

पलंगावर उशांची भिंत करून मधे झोपवलं तर?

नाही. उशा गुदमरवतात, आणि पलंगाची गादी बाळासाठी फार मऊ असते. पलंगाला लावायचा कठडाही दोन वर्षांखालच्या मुलासाठी नाही, कारण कठडा आणि गादीच्या फटीत बाळ अडकतं. त्यापेक्षा बाळाची कॉट तुमच्या पलंगाशेजारी, पण वेगळी ठेवा. किमान पहिले सहा महिने बाळ तुमच्याच खोलीत झोपावं. वन बीएचकेमध्ये जागा नसेल तर फरशीवर सतरंजी, तिच्यावर काथ्याची पातळ गादी, वर जाळी: हे पुरतं.

कॅमेरा किंवा पायात घालायचा, नाडी आणि ऑक्सिजन मोजणारा मोजा घ्यावा का?

घ्या, हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर वरचं काहीही सोडू नका. झोपेतले मृत्यू त्याने टळतात असा पुरावा नाही. वायर आणि चार्जर कॉटपासून किमान 90 सेंटिमीटर लांब. खिडकीच्या पडद्याच्या दोऱ्याही तितक्याच.

बाळाच्या घशात काही अडकलं तर पहिल्या मिनिटात काय करायचं?

बाळ जोरात खोकत किंवा रडत असेल तर त्याला खोकू द्या. आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील तर बाळाला पालथं, डोकं छातीपेक्षा खाली येईल असं हातावर आडवं धरा. हनुवटीला आधार द्या, गळा दाबू नका. तळहाताच्या टाचेने दोन खांद्यांच्या मधे 5 ठोके. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, 5 वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत हेच आळीपाळीने करा. फोन स्पीकरवर टाकून 108 लावा. दिसत नसलेली वस्तू बोट घालून काढायला जाऊ नका, ती आणखी आत जाते. बाळ निपचित पडलं तर 30 दाब आणि 2 श्वास असा सीपीआर सुरू करा आणि मदत येईपर्यंत थांबू नका.

वस्तू धोकादायक निघाली तर तक्रार कुठे?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. आधी वस्तूचे फोटो, बिल आणि पाकिटावरचा बॅच नंबर जपून ठेवा, आणि वस्तू दुसऱ्या कोणाला देऊन टाकू नका.